फादर, फंक्शन म्हणजे काय?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या कार्यालयातील टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा ढीग पडू लागतो. पत्रिका हातात देणारी व्यक्ती शिक्षित असो वा अशिक्षित, तिच्या तोंडी एकच वाक्य असते : "फादर, रविवारी संध्याकाळी आमच्याकडे फंक्शन आहे, यायचं बरं का!" साखरपुडा, लग्न, पहिला ख्रिस्तप्रसाद, रौप्यमहोत्सव, साऱ्यांनाच आपण फंक्शन म्हणतो. 'समारंभ' हा आपला सुरेख शब्द आता पत्रिकेच्या छपाईपुरताच उरला आहे.

२०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील एका संध्याकाळी अशीच एक पत्रिका आम्ही स्वीकारत असताना आमचा एक वेदीसेवक कपाटाजवळ मेणबत्त्या मोजीत उभा होता. मुलगा नुकताच अकरावीत गेलेला. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता एकाएकी सारे विज्ञान, सारे गणित इंग्रजीतून. पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "फादर, आमच्या गणिताच्या पुस्तकातपण फंक्शन आहे. पण तिथं ना जेवण, ना बँड. मग त्याला फंक्शन का म्हणतात? आणि फंक्शन म्हणजे नक्की काय?"

धर्मगुरूला 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय फारशी नसते. लोक विचारतात, आपण सांगतो आणि सांगितलेले सहसा कोणी तपासून पाहत नाही. आमचे स्वतःचे गणित बारावीतच संपले होते. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आले, ईशज्ञान आले आणि थोडेसे लॅटिनही पदरी पडले. त्या भांडवलावर आम्ही मुलाच्या दोन्ही प्रश्नांना तेथल्या तेथे उत्तर दिले. पहिले उत्तर बरोबर होते. दुसरे चुकले आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. लॅटिन भाषेत 'फुंगोर' असे एक क्रियापद आहे. सोपविलेले काम करणे, कर्तव्य पार पाडणे, असा त्याचा अर्थ. त्यापासून 'फुंक्तिओ' हे नाम झाले. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या आपल्या पाळीप्रमाणे मंदिरात याजकाची सेवा करीत असल्याचे आपण वाचतो. संत जेरोमच्या लॅटिन बायबलात त्या सेवेसाठी हेच क्रियापद योजलेले आहे. साहजिकच युरोपात वेदीवरील विधींना 'फंक्शन' म्हणण्याची रीत पडली. इटालियन भाषेत देवळातील उपासनेला आजही 'फुन्त्सिओने' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द देवळातील विधीवरून सरकारी सोहळ्यावर गेला, सोहळ्यावरून मेजवानीवर आला आणि तेथून आपल्या मांडवात शिरला. म्हणजे पत्रिका देणारे आमचे शेजारी नकळत एक जुना उपासनेचा शब्दच वापरीत असतात. हे ऐकून मुलगा खूश झाला. आम्हीही झालो.

त्याच भरात दुसरे उत्तर दिले. "अरे, गणितातलं फंक्शन म्हणजे सूत्र. एक्सच्या जागी आकडा घालायचा, सूत्रानं सांगितलेलं काम करायचं, वाय बाहेर पडतो. काम करतं म्हणून ते फंक्शन." किती सोपे, किती सुटसुटीत! मुलाने ते वहीत लिहून घेतले.

तीन आठवड्यांनी तो चाचणीचा पेपर घेऊन आला. काही बोलला नाही, पेपर टेबलावर ठेवला. एका प्रश्नात दोन लंबगोल काढले होते. डावीकडे चार अक्षरे, उजवीकडे तीन आकडे, मध्ये बाण. हे फंक्शन आहे काय, कारणासह लिहा. मुलाने लिहिले होते : नाही, कारण सूत्र दिलेले नाही. त्यावर तांबडी फुली. दुसऱ्या प्रश्नात 'वायचा वर्ग बरोबर एक्स' असे समीकरण होते. वाय हे एक्सचे फंक्शन आहे काय? मुलाने लिहिले होते : होय, कारण सूत्र आहे. पुन्हा फुली. एक्सच्या जागी चार घातले तर वाय दोनही असू शकतो आणि उणे दोनही. एकाला दोन उत्तरे मिळाली की ते फंक्शन राहत नाही.

"फादर, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं," एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आमच्या धर्मग्रामात गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शाळेत शिकविलेले. सकाळच्या मिस्साला पहिल्या घंटेआधी हजर. पावसाळा असो वा नसो, हाताला छत्री. सारे त्यांना मास्तर म्हणत, आम्हीही तेच म्हणत असू. दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर आम्ही त्यांना ओसरीवर गाठले आणि घडलेला प्रकार कबूल केला. मास्तरांनी पेपर चाळला आणि ते हसू लागले. "फादर, तुमचं उत्तर चुकीचं नाही हो, जुनं आहे. १७४८ साली परीक्षेला बसला असता, तर ऑयलरनं तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले असते."

त्यानंतरच्या काही सकाळी आमची शाळा ओसरीवरच भरली. मुलगाही कॉलेजच्या आधी येऊन बसू लागला. मास्तरांनी जे सांगितले आणि पुढे आम्ही स्वतः जे वाचून पाहिले, ते थोडक्यात असे.

गणितात हा शब्द प्रथम आणला तो लायब्निट्सने. १६७२ ते १६७६ ही चार वर्षे तो पॅरिसमध्ये होता. १६७३ सालच्या त्याच्या एका लॅटिन हस्तलिखितात 'फुंक्तिओ' हा शब्द आढळतो. लायब्निट्स पंथाने लुथरन, पण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पुन्हा एक व्हावेत म्हणून त्याने बिशप बोस्युए यांच्याशी पुढे दीर्घ पत्रव्यवहार केला. आमच्या मनात त्याच्याविषयी आपुलकी आहे ती या कारणाने. त्याचा 'फुंक्तिओ' मात्र आजच्या पुस्तकातला नव्हे. एखादी वक्ररेषा घ्या. तिच्यावरील एका बिंदूपाशी स्पर्शिका काढता येते, स्पर्शिकेला लंब काढता येतो, स्पर्शिका अक्षाला कोठे मिळते ती लांबी मोजता येते. बिंदू सरकला की ह्या साऱ्या रेषा बदलतात. प्रत्येक रेषा त्या वक्रासाठी आपापले नेमलेले काम करते. त्या कामाला लायब्निट्सने लॅटिनमधला नेहमीचा शब्द दिला. सूत्र नाही, आकडा नाही, नुसती सेवा! १६९० नंतरच्या दोन-चार वर्षांत तो शब्द त्याने छापील लेखांतही वापरला.

पुढे योहान बर्नुली याने १७१८ साली व्याख्या केली : एक चल राशी आणि काही अचल राशी यांपासून कोणत्याही रीतीने रचलेली राशी म्हणजे त्या चलाचे फंक्शन. बर्नुलीचा शिष्य लेओनहार्ड ऑयलर. हा बाझल येथील एका पाळकाचा मुलगा. वडिलांना त्याला पाळकच करायचे होते. बर्नुलीने मध्यस्थी केली म्हणून तो गणिताकडे वळला. (एका घराचे पाळकपण गेले आणि जगाला ऑयलर मिळाला. आमच्यासारख्यांनी ह्या सौद्याबद्दल तक्रार करू नये.) एफ आणि कंसात एक्स ही जी खूण आज अकरावीच्या मुलांना घाबरविते, ती ऑयलरने १७३४ साली लिहिलेल्या एका लेखात आहे. १७४८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने फंक्शनला गणिती पदावली म्हटले, म्हणजे आम्ही मुलाला सांगितले तेच. सूत्र.

मग सूत्र अपुरे का पडले? मास्तरांनी देवळातील गायकवृंदाचे गिटार मागविले आणि एक तार बोटाने मधोमध वर उचलली. "ही तार आत्ता कशी दिसते? दोन सरळ रेषा, मध्ये कोपरा. ह्या आकाराला एकच सूत्र लिही." मुलाला लिहिता येईना. तार सोडली की ती थरथरते आणि तिच्या थरथरण्याचे गणित मांडायचे तर सुरुवात ह्या कोपऱ्यापासून करावी लागते. १७४७ नंतर दालाम्बेर आणि ऑयलर यांच्यात नेमका याच तारेवरून वाद झाला. दालाम्बेरचे म्हणणे, एका सूत्रात बसतील तेवढेच आकार चालतील. ऑयलरचे म्हणणे, हाताने काढलेली कोणतीही रेषा चालली पाहिजे, कारण तार गणितज्ञाची परवानगी घेऊन वाजत नाही. १७५५ साली ऑयलरने स्वतःची व्याख्या सैल केली : एक राशी दुसरीवर अशी अवलंबून असेल की दुसरी बदलली असता पहिलीही बदलते, तर पहिली ही दुसरीचे फंक्शन होय. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतःच्या ग्रंथातली व्याख्या सात वर्षांत बदलावी, हे ऐकताना आम्हांला आमची तीन आठवड्यांपूर्वीची ऐट आठवली.

पुढचे पाऊल डिरिक्ले याचे. कोलोनच्या जेझुइट शाळेत शिकलेला हा जर्मन. १८२९ साली त्याने एक विचित्र उदाहरण पुढे केले. संख्या परिमेय असेल तर एक ठरावीक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. ह्याचा आलेख कोणीही काढू शकणार नाही, तरीही प्रत्येक संख्येला तिची किंमत बिनचूक मिळते. १८३७ च्या लेखात त्याने स्पष्टच म्हटले की, प्रत्येक एक्सला एकच निश्चित वाय मिळत असला म्हणजे पुरे, तो सर्वत्र एकाच नियमाने मिळाला पाहिजे असे नाही. मुलाच्या पेपरातील बाण कोठून आले, ते येथे कळते. 'प्रत्येकाला' आणि 'एकच' एवढ्या दोनच शब्दांवर आजची व्याख्या उभी आहे. सूत्र असले तर उत्तम. नसले तरी काही अडत नाही.

मास्तरांना ऑयलर प्रिय, आम्हांला मात्र आपली माणसे शोधण्याची हौस. ती सापडली. चौदाव्या शतकातील निकोल ओरेम, पुढे लिझ्यू येथील बिशप. वेळ आडवी आणि वेग उभा मांडून त्याने बदलत्या वेगाचे चित्र काढले, तेव्हा फंक्शन हा शब्द गणितात यायला तीनशे वर्षे होती. आणि दुसरा प्रागचा बेर्नार्ड बोल्झानो. हा तर धर्मगुरूच, विद्यापीठात धर्मविषयाचा प्राध्यापक. युद्ध आणि अन्याय यांविरुद्धची त्याची प्रवचने सरकारला रुचली नाहीत आणि १८१९ च्या अखेरीस सम्राटाच्या हुकमाने त्याला पदावरून दूर करण्यात आले. मग तो एका बाजूला बसून लिहीत राहिला. १८३० नंतरच्या वर्षांत लिहिलेल्या त्याच्या एका हस्तलिखितात असे एक फंक्शन आहे की ज्याची रेषा कोठेही तुटत नाही, पण तिच्यावर जागोजागी असे बिंदू पसरले आहेत की तेथे स्पर्शिका काढताच येत नाही. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की ती कोठेच काढता येत नाही. गंमत पाहा. लायब्निट्सच्या लेखी स्पर्शिका हेच फंक्शन होते आणि आता स्पर्शिकाच नसलेले फंक्शन जन्माला आले. वायरश्ट्रास याने असे उदाहरण १८७२ साली बर्लिनमध्ये मांडले तेव्हा युरोप चकित झाला. बोल्झानो १८४८ सालीच वारला होता. त्याचे हस्तलिखित छापले गेले ते १९३० साली. हे आम्ही मास्तरांना वाचून दाखविले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काम केलंन् आणि कपाटात ठेवलंन्."

मराठीत फंक्शनला 'फलन' म्हणतात. ह्या शब्दावरून आमचा मास्तरांशी थोडा वाद झाला. आमचे म्हणणे असे की लॅटिन शब्द कामाकडे पाहतो आणि मराठी शब्द फळाकडे, तेव्हा मूळ भाव हरवला. मास्तर म्हणाले, "मुलांना काम दिसत नाही फादर, फळ दिसतं. शब्द मुलांसाठी असतो." आमचे मत अजूनही पुरते बदललेले नाही.

शब्द झाला, इतिहास झाला, तरी मुलाच्या चेहऱ्यावर अजून उजेड पडत नव्हता. सूत्रावाचून फलन असते, हे त्याला पटेना. तेव्हा मास्तर म्हणाले, "फादर, स्नानसंस्काराचं रजिस्टर काढा." आम्ही काढले. मास्तरांनी मुलाला त्याचे स्वतःचे नाव शोधायला लावले. सापडले. समोर तारीख. त्याच तारखेला खाली आणखी दोन नावे होती, त्यांतले एक त्याच्या चुलतभावाचे. "तुझं नाव सांगितलं तर तारीख सांगता येते?" येते. "दोन तारखा निघतील?" नाही, स्नानसंस्कार एकदाच होतो. "आणि तारीख सांगितली तर नाव सांगता येईल?" मुलगा घुटमळला. "नाही सर, त्या दिवशी आम्ही तिघं होतो." "मग माणसापासून तारखेकडे जाणं हे फलन आहे, तारखेपासून माणसाकडे येणं नाही. आता ह्याचं सूत्र लिही." मुलगा मोठ्याने हसला. त्याला कळले. कित्येक वर्षे आम्ही त्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला बाळगतो आहोत, पण आत काय आहे ते आम्हांलाही त्या दिवशीच कळले.

मुलगा पाने उलटीत मागे जात राहिला. जुन्या एका खंडात एका पानाचा खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला होता. "फादर, इथल्या लोकांची तारीख काय?" आम्ही म्हटले, गेली. कोणे एके काळी कपाटाला वाळवी लागली होती, ते नुकसान आमच्या आधीचे. आम्ही येथे आलो तेव्हाच कोणीतरी ते दाखविले होते. सात नोंदी नष्ट झाल्या आहेत, अनुक्रमांकांवरून मोजता येतात, सवडीने पाहू, असे आम्ही तेव्हा म्हटले होते. ती सवड पाच वर्षांत मिळाली नाही. मुलगा म्हणाला, "मग हे फंक्शन नाही. प्रत्येकाला पाहिजे, असं सरच म्हणाले." आम्ही मास्तरांकडे पाहिले. ते छत्रीची मूठ पुसत होते.

मुलाच्या गणिताचे आम्ही जे नुकसान केले त्याची भरपाई करणे आमच्या हाती नव्हते, हे काम मात्र होते. ख्रिस्तजयंतीनंतर आम्ही ते हाती घेतले. दृढीकरणाच्या नोंदींवरून आणि वृद्ध मंडळींना विचारून सातही नावे निश्चित केली. चौघांची लग्ने आमच्याच देवळात झाली होती, त्यांच्या लग्नाच्या कागदपत्रांत स्नानसंस्काराचे दाखले मिळाले. एक अविवाहित भगिनी होत्या, त्यांचा दाखला कोठेच नव्हता. चर्चच्या कायद्यानुसार अशा वेळी विश्वासू अशा एका साक्षीदाराची साक्षही पुरते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, वय नव्वदीच्या घरात, खाटेवर बसून तो दिवस सांगितला. कोणत्या सणाच्या आदल्या रविवारी, कोणाच्या बैलगाडीतून, कोणाच्या मांडीवर. उरलेल्या दोघांची लग्ने बाहेरच्या धर्मग्रामांत झाली होती, तेथे पत्रे पाठविली. त्यांतले एक नाव मास्तरांचे होते.

हे त्यांना ठाऊक होते. ओसरीवरच्या त्या सकाळीही ठाऊक होते. आम्ही विचारले, इतकी वर्षे बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मागितलं असतं तर तुम्ही एकट्या माझंच शोधलं असतं." पत्राचे उत्तर आले, तारीख मिळाली, नव्या पानावर नोंद झाली. ती पाहून म्हणाले, "इतके दिवस मी एक्स होतो फादर, आता वाय मिळाला."

मुलगा अकरावी उत्तीर्ण झाला, बारावीही झाला. गणितात फार चमकला असे नाही, पण २०२४ साली इंजिनियरिंगला लागला. शनिवारी मास्तरांकडे जात असे. २०२५ च्या जुलैत, मुसळधार पावसाच्या एका रात्री मास्तर झोपेतच ख्रिस्तवासी झाले.

अंत्यविधी आटोपल्यावर आम्ही मृतांच्या नोंदीचे रजिस्टर काढले. आमच्या कपाटातील सर्वांत जुन्या खंडावर त्याचे लॅटिन नाव अजून वाचता येते : लिबेर देफुंक्तोरुम. मुलगा बाजूला उभा होता, कपडे भिजलेले. त्याने बोट ठेवून विचारले, "ह्यातपण फंक्शन आहे का, फादर?" आहे. 'देफुंक्तुस' म्हणजे ज्याचे काम पार पडले तो. लॅटिनमध्ये मृताला दिलेले हे नाव त्याच क्रियापदापासून आले आहे. ह्या वेळी आम्ही उत्तर देण्यापूर्वी शब्दकोश काढून पाहिला आणि मगच सांगितले.

नाव, वडिलांचे नाव, वय, दिनांक असे रकाने भरून झाले. मग स्नानसंस्काराच्या रजिस्टरातील त्या नव्या पानावर, मास्तरांच्या नावासमोरच्या समासात, मृत्यूचा दिनांक लिहिला. हवेत ओल फार होती, शाई लवकर वाळेना. मुलाने ते पान दोन्ही हातांनी पंख्याखाली धरून ठेवले.